इंग्रजीपुरती बहिरी

शार्लच्या तेओतीमची झेली. ग्रोसांसमध्ये, आमच्या या फ्रेंच बोलणाऱ्या मासेमारीच्या गावात, ओळख अशीच बाप-आज्याच्या नावाने सांगायची असते. आडनाव सांगून उपयोग नाही, कारण निम्मं गाव कोमो आहे आणि उरलेलं सोनिए. तर ही झेली, ओनेझीमची बायको, रेमीची आई आणि गेल्या उन्हाळ्यापासून ज्यूल नावाच्या एका गुबगुबीत, तापट गृहस्थाची आजी. साठीला टेकली तरी पायाला भिंगरी. कपात चहा ओतायची आणि तो निवेपर्यंत दारातला बर्फ लोटून यायची. तिला स्वस्थ बसलेलं पाहिलं, असं शपथेवर सांगणारा माणूस गावात मिळणार नाही.

तिच्या कानांची गावात ख्याती होती. आमचा शेवंडाचा, म्हणजे लॉबस्टरचा, हंगाम भर थंडीतला. बोटी अंधारात निघतात आणि तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलेला बोटींचा रेडिओ तेव्हापासून खरखरायला लागतो. पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसा आवाज, त्यात मध्येच दोन तुटके शब्द, मग पुन्हा खडे. झेली बटाटे किसता किसता म्हणायची, "अल्सीदचं इंजिन तापलंय, परत फिरतोय. त्याच्या बायकोला कळवा." अल्सीद तिचा दीर. तासाभराने अल्सीद खरंच धक्क्याला लागलेला असायचा, तोंड पाडून. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांची खुशाली झेलीला फोन करून विचारायच्या. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

आता ही बाई बहिरी होत चालली आहे असं कुणी म्हटलं असतं, तर गावाने त्यालाच कान तपासून घ्यायला पाठवलं असतं.

आमच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. दहा माणसं आपल्या फ्रेंचमध्ये गप्पा मारत बसलेली असोत, दारातून एक इंग्रज आत आला (इंग्रजी बोलणारा तो आमच्यासाठी इंग्रजच) की दहाही जण इंग्रजीत बोलायला लागतात. कुणी कुणाला खूण करत नाही. वाक्य अर्ध्यात असेल तर त्याचं शेपूट इंग्रजीत निघतं. आलेल्या माणसाला परकं वाटू नये, एवढाच हेतू. आजोबा-पणजोबांच्या काळात त्यात भीतीही असेल, पण भीती गेली आणि रीत राहिली. इंग्रज उठून गेला की सगळे परत मूळपदावर. झेलीने रेमीला लहानपणी टेबलाखालून चिमटे काढून ही रीत शिकवली होती. ती तिच्याच गळ्यात येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक.

रेमीने लग्न करून इंग्रज मुलगीच घरात आणली. ग्वेन ऑन्टारियोची. उंच, शांत, हळू बोलणारी. तिच्या माहेरी आवाज चढला म्हणजे भांडण झालं असं समजत. आमच्याकडे आवाज चढवल्याशिवाय मीठसुद्धा मागत नाहीत. जवळच्या यार्मथ शहरात एका दातांच्या दवाखान्यात ती काम करायची. पोरगी गुणी होती. पहिल्याच रविवारी तिने रापी दुसऱ्यांदा मागून घेतली. किसलेला बटाटा पिळून कोरडा करायचा, कोंबडीच्या उकळत्या रश्श्यात कालवायचा आणि तासन्‌तास भाजायचा. ते करडं, चिकट प्रकरण पाहून परकी माणसं नुसतं हसतात. ही पोरगी ताट पुढे करते म्हटल्यावर झेली विरघळलीच. पण त्या दिवसापासून तिच्या घरातला रविवार इंग्रजीत गेला, आणि टेबलावरची माणसं झेलीपासून लांब जायला लागली.

आधी तिला वाटलं, सूनच पुटपुटते. "दात न उघडता बोलते बघ," ती ओनेझीमला म्हणाली. "दातांच्या दवाखान्यात काम करते ना, जपून वापरत असेल." ओनेझीम हसला. मग महिन्या-दोन महिन्यांत तिला वाटायला लागलं की रेमीही पुटपुटतो. मग ओनेझीमही. ग्वेन उठून अंगणात गेली की तेच लोक पुन्हा खणखणीत बोलायला लागत. यावरून झेलीने जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता: ही मुलगी माझ्या घरातल्या माणसांना हळू बोलायला लावते, आणि बहुतेक माझ्याबद्दलच बोलायला लावते.

खरी गोष्ट अशी होती की तिचे कान दोन-तीन वर्षांपासून उतरणीला लागले होते आणि आपल्या भाषेत ते तिच्या लक्षातच येत नव्हतं. आपली भाषा माणूस कानाने थोडी आणि मनाने पुष्कळ ऐकतो. गावातला माणूस लांबून नुसत्या चालीवरून ओळखू येतो, परक्याचं तोंड नीट दिसावं लागतं, तसंच हे. ओनेझीमच्या वाक्यातले चार शब्द वाऱ्याने नेले तरी झेली ते स्वतःच्या पदरचे घालायची, आणि घातले हे तिला कळायचंही नाही. इंग्रजी ती माशांच्या कारखान्यात शिकली होती, पंधराव्या वर्षी, फोरमनच्या शिव्यांपासून सुरुवात करून. चांगली बोलायची. पण त्या भाषेत पदरचं घालायला तिच्याकडे फारसं काही नव्हतं. एक शब्द निसटला की अख्खं वाक्य त्याच्यामागोमाग पाण्यात.

मग ती काय करायची, तर मान डोलवायची. समोरचा हसला की हसायची, थांबला की "हो, हो" म्हणायची आणि उठून काहीतरी घासायला लागायची. एकदा ग्वेनने, माझी आजी वारली, असं सांगितलं आणि झेली छान हसून "हो, हो" म्हणाली. रेमी घरी गेल्यावर बायकोची समजूत घालत बसला. अशा गोष्टी साठत गेल्या. समुद्रावरून अर्धा शब्द आला तरी ओळखणारी बाई हातभर अंतरावरच्या सुनेचं बोलणं ऐकत नाही, याचा अर्थ तिला ऐकायचं नाही. ओनेझीमनेसुद्धा तोंडावर तसंच म्हटलं.

"तुला ऐकायचंच नसतं," तो म्हणाला. "पोरगी इंग्रज आहे, एवढाच तिचा गुन्हा."

झेलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने त्या दिवशी त्याच्या जेवणात मीठ घातलं नाही आणि त्यानेही ते मागितलं नाही.

ज्यूल झाल्यावर काही काळ सगळं निवळलं. ग्वेनची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पोराला आजीकडे ठेवायचं ठरलं. सकाळी आणायचं, संध्याकाळी न्यायचं. तिथून झेलीचे दिवस सोन्याचे झाले. पोराला कडेवर घेऊन ती घरभर फिरायची आणि अखंड बोलायची. खिडकीतला बर्फ, धक्क्यावरच्या बोटी, तापलेली भट्टी, ओनेझीमचे उलटे टाकलेले मोजे, सगळ्याची ओळख आपल्या भाषेत करून द्यायची. पोरगा तिच्या ओठांकडे टक लावून बघायचा आणि "बा" म्हणायचा. कुणीतरी तिच्या घरात दिवसभर तिच्याशी बोलत होतं आणि तिला ते पूर्ण कळत होतं. आपण किती एकट्या पडलो होतो हे तिला तेव्हा कळलं, आणि हे पोर कुणी नेलं तर आपलं काही खरं नाही हेही.

मार्च महिन्यात ज्यूलला दात येताना ताप आला. त्या सकाळी ग्वेनला उशीर झाला होता. गाडी दारात चालू, दार उघडं, वारा आत. पाठमोरी वाकून बूट चढवताना ती काहीतरी बोलली, कोट घालताना बोलली, दाराबाहेर पडताना वळून बोलली. झेलीने मान डोलवली. ग्वेन गेली. थोड्या वेळाने पोराचं अंग गरम लागलं. बाटली पिशवीत होतीच, झेलीने मापाने औषध पाजलं. ग्वेनने ते निघण्यापूर्वी पाजलं होतं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा देऊ नका, हेच तिने सांगितलं होतं.

संध्याकाळी बाटली पाहून ग्वेन पांढरी पडली. औषधांच्या दुकानात फोन झाला. तिथला माणूस म्हणाला, एवढ्याने काही होत नाही, आज आता देऊ नका, लक्ष ठेवा. काही झालंही नाही. दुसऱ्या दिवशी पोराने वाडगाभर खिमट खाल्लं आणि वाडगा फेकला. पण ग्वेनचा धीर सुटला होता. ती ओरडली नाही, ओरडणाऱ्यातली नव्हतीच. पोराला कपड्यांत गुंडाळलं आणि निघून गेली.

रेमी दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून तसाच आला, अंगाला आमिषाचा वास, डोळे तांबारलेले.

"तिने तुला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं असेल."

"असेल म्हणजे काय, आई? तू मान हलवलीस म्हणते ती."

"पोरं वाढवलीत मी," झेली म्हणाली. "माझ्या हातून कुणी मेलेलं नाही."

रेमीने टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्याने सांगितलं की यार्मथला ग्वेनच्या दवाखान्याजवळच्या पाळणाघरात जागा झाली आहे. पुढच्या सोमवारपासून ज्यूल तिथे जाईल. तो गेल्यावर तिने सगळ्या खिडक्या पुसायला काढल्या, बाहेरूनसुद्धा, आणि बाहेर काचेवर पाणी गोठत होतं.

तोपर्यंत तिची मनापासून खात्री होती की चूक ग्वेनची आहे. नीट सांगितलं असतं तर ऐकलं नसतं का? ही खात्री मर्डॉकने मोडली. मर्डॉक म्हणजे शेवंडं न्यायला येणारा इंग्रज ट्रकवाला. वीस-एक वर्षांची ओळख, थट्टामस्करीची. त्या आठवड्यात ती ओनेझीमचा डबा घेऊन धक्क्यावर गेली तर मर्डॉक पेट्या चढवता चढवता काहीतरी बोलला आणि स्वतःच हसला. तिला फक्त हसणं ऐकू आलं. त्याचा घसा बसलाय का, असं तिने विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि पाठ फिरवून पुन्हा काहीतरी बोलला. या वेळी तर हसणंही आलं नाही. मर्डॉकचा आवाज म्हणजे भोंगा. तो पुटपुटतो असं कुणाला सांगायची सोय नव्हती.

ती डबा तिथेच ठेवून घरी आली. टीव्हीवर इंग्रजी बातम्या लावल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. भिंतीपलीकडे कुणी सामान सरकवतंय असं वाटलं. मग फ्रेंच वाहिनी लावली. क्वेबेकचा माणूस त्याच्या तिकडच्या फ्रेंचमध्ये बोलत होता. ते कळलं, पण ओनेझीमचं कळतं तसं नाही, मध्ये भोकं होती. तिने रेडिओचा कान पिरगाळला. अल्सीद दुसऱ्या बोटीवरच्या कुणाला तरी शिव्या देत होता, आणि त्यातली शिवी न् शिवी स्पष्ट होती. झेली मटकन खुर्चीत बसली, आणि लगेच उठली.

तिचा बाप, तेओतीम, असाच बहिरा झाला होता. आधी लोक त्याच्याशी ओरडून बोलत. मग थोडक्यात बोलत. मग त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायला लागले, जेवला का, झोपला का, याला आता कुठे ठेवायचं. पुढे पुढे तर बोलेनासे झाले. शेवटची वर्षं म्हातारा खिडकीशी बसून नुसता हसायचा. झेलीला ते हसू आठवलं.

रविवारपर्यंतचे चार दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसा हाताला दम नाही. सांगावं, तर बहिऱ्या बाईकडे तान्हं मूल कोण ठेवेल? न सांगावं, तर खाष्ट सासूकडे तरी कोण ठेवेल? खाष्ट म्हटलेलं तिला परवडत होतं, निदान खाष्ट सासूला लोक घाबरतात. पण दोन्हीकडून पोर जातच होतं. तिने कपाटं रिकामी केली, पुन्हा भरली. ज्यूलची खुर्ची तळघरात नेऊन ठेवली, मग ती नेहमीच्या जागी दिसेना म्हणून वर आणली. ओनेझीमने विचारलं, काय चाललंय तुझं. ती म्हणाली, वसंताची सफाई. बाहेर गुडघाभर बर्फ होता.

रविवार आला. सगळे प्रार्थनेहून परस्पर जेवायला आले. ओनेझीम, अल्सीद आणि त्याची बायको, रेमी आणि ग्वेन, उंच खुर्चीत ज्यूल. भट्टीवरचा पंखा घरघरत होता, ताटं वाजत होती, अल्सीद कुठल्याशा बोटीच्या दोराची गोष्ट रंगवून इंग्रजीत सांगत होता आणि झेली रापीचं तबक घेऊन वाढत फिरत होती. सोमवारचा विषय कुणी काढत नव्हतं. ग्वेनच्या ताटात अन्न तसंच होतं. मग ती झेलीकडे बघून काहीतरी बोलली. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, तिच्या त्या हळू आवाजात. झेलीने सवयीने हसून मान डोलवली. "हो, हो," ती म्हणाली, आणि अल्सीदला वाढायला वळली.

अल्सीदचा काटा हवेत राहिला होता. त्याची बायको ताटाकडे बघत होती. रेमीचं तोंड उघडं होतं. झेलीने एकेकाचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की आपण कशाला तरी हो म्हणून बसलो, आणि ते भयंकर आहे. आजवर अशा वेळी ती सिंककडे पळायची. या वेळी ती तिथेच उभी राहिली. उद्या सोमवार होता. यापेक्षा वाईट काय होणार होतं.

"काय म्हणाली ती?" तिने ओनेझीमला विचारलं, आपल्या भाषेत, इंग्रज सून समोर बसलेली असताना.

ओनेझीम अडखळला. "ऐकलंस की तू."

"काय म्हणाली ते सांग मला."

"तिने विचारलं," ओनेझीम म्हणाला, "की ते औषध तू तिला धडा शिकवायला मुद्दाम पाजलंस का."

झेलीने तबक खाली ठेवलं. ते टेबलावर आपटलंच.

"मला ऐकू येत नाही," ती ग्वेनकडे बघून इंग्रजीत म्हणाली. "इंग्रजी ऐकू येत नाही. त्या दिवशीही आलं नाही. मी नुसती मान हलवली."

"काहीतरीच," अल्सीद म्हणाला. "वादळात मी शिंकलो तर तुला कळतं."

"तू शिंकलास तर कळतं. ती बोलली तर कळत नाही. माझ्या बापाचे कान आलेत मला." ती रेमीकडे वळली. "ऊठ. माझ्या मागे उभा राहा. हळू बोल, आपलं बोल."

रेमी उठला. आईच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. त्याने अगदी हळू काहीतरी विचारलं.

"रापीत कांदा जास्त झालाय का, म्हणे," झेली म्हणाली. "झालाय. तुझ्या बापाने कापला. आता इंग्रजीत बोल."

ती समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. पंखा घरघरत होता. ज्यूल चमचा आपटत होता, त्याच्या हातातून अल्सीदच्या बायकोने तो काढून घेतला. झेली वाट बघत होती. टेबलावरची माणसं तिच्याकडे बघत नव्हती, तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"बोल की," ती म्हणाली. "किती वेळ उभी करशील मला?"

ग्वेनने दोन्ही हात तोंडावर धरले होते. झेलीने मागे वळून पाहिलं तर रेमीचा चेहरा रडवेला झाला होता. तो तीनदा बोलला होता. तीनदा त्याने आईची माफी मागितली होती, एकदा हळू, एकदा नेहमीच्या आवाजात आणि एकदा चांगलं मोठ्याने.

अल्सीदच्या बायकोने उठून पंखा बंद केला. ग्वेन टेबलाला वळसा घालून आली, झेलीला तिने खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर गुडघ्यांवर बसली, तोंड तिच्या तोंडापाशी आणून. एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "कधीपासून?"

"काय माहीत," झेली इंग्रजीत म्हणाली. "तू या घरात आलीस तेव्हापासून असेल. मला वाटलं, तुझ्यातच काहीतरी आहे."

"मलाही तेच वाटलं," ग्वेन म्हणाली. "वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे."

हे वाक्य झेलीला पुरतं ऐकू आलं आणि ते तिच्या काळजाला जाऊन लागलं. दोन वर्षं ही पोरगी दर रविवारी हातात पदार्थ घेऊन या दारातून आत येत होती आणि दर रविवारी आपलं काय चुकलं ते शोधत परत जात होती. झेलीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने सुनेचे गाल दोन्ही हातांत धरले आणि सोडायचे कधी हे तिला सुचेना.

शेवटी ग्वेनच उठली. डोळे पुसून सगळ्यांना म्हणाली की आजपासून या टेबलावर तुमची भाषा बोलायची.

"आणि तू काय करणार?" अल्सीदने विचारलं.

"मी मान डोलवीन," ग्वेन म्हणाली. "त्यांनी दोन वर्षं डोलवली."

सगळे हसले, पण जमेना. इंग्रज माणूस समोर असताना आपलं बोलायला कुणाची जीभ वळेना. अल्सीदने ती दोराची गोष्ट फ्रेंचमध्ये सुरू केली आणि दुसऱ्या वाक्याला तो इंग्रजीत गेला. पुन्हा सुरू केली, पुन्हा गेला. त्याला घाम फुटला. आईसमोर शिवी द्यावी तसं वाटतं म्हणाला. रेमीने मधले शब्द घालून ती कशीबशी पार पाडली. ग्वेन सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसली होती आणि बाकीचे हसले की क्षणभर उशिरा हसत होती. झेलीला ते बघवेना. ती खुर्ची ओढून तिच्याशेजारी जाऊन बसली आणि विनोद तिच्या कानात इंग्रजीत सांगायला लागली. सांगता सांगता तो पार मेला. ग्वेन तरी हसली.

पण झेलीच्या जिवाची घालमेल थांबली नव्हती. रडून झालं, हसून झालं, ताटं धुऊन झाली, आणि उद्याच्या सोमवारबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. विचारायचं धाडस तिला होईना. बहिऱ्या बाईकडे मूल ठेवायचं का, या प्रश्नाला तिला स्वतःलाच उत्तर देता आलं नसतं. ती स्वच्छ टेबल पुन्हा पुसत राहिली.

ज्यूलला गुंडाळून मंडळी दाराशी गेली. ग्वेन वाकून बूट चढवायला लागली आणि चढवता चढवता बोलायला लागली.

"थांब," झेली म्हणाली. "बूट मग घाल. माझ्याकडे बघ आणि बोल."

ग्वेन एका पायात बूट घालून सरळ उभी राहिली. औषध द्यायचं तर मीच देणार, ती म्हणाली. ताप आला तर फोन नको, मेसेज करायचा, मी लिहून उत्तर देईन. आणि या आठवड्यात यार्मथला कान तपासायला जायचं, मी बरोबर येणार, तिथे नुसती मान डोलवलेली चालणार नाही. झेलीला यातलं बरंचसं कळलं. जे निसटलं ते तिने पुन्हा विचारलं, दोनदा विचारलं, आणि ग्वेनने न कंटाळता पुन्हा सांगितलं. मागे रेमी पोराला घेऊन थंडीत ताटकळत होता.

"आणि पाळणाघर?" झेलीने विचारलं.

ग्वेनने नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उद्या सातला आणते ज्यूलला," ती म्हणाली.

झेली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "पुन्हा सांग," ती म्हणाली.

"उद्या. सकाळी सातला. तुमच्याकडे."

"पुन्हा."

ग्वेनने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने, बोटं दाखवून. झेलीला पहिल्या वेळेसच ऐकू आलं होतं.